हौद चालू आहे, रामकिसन

दोन हजार पंचवीस साल. मला त्र्याहत्तरावं चालू आहे. तुला कितवं होतं ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तुझी माय एवढंच सांगायची की नामा झाला आणि त्याच्यामागं एका पोळ्यानं माझा रामकिसन झाला. म्हणजे मी तुझ्याहून एका पोळ्यानं मोठा, आणि हे मी तुला जन्मभर ऐकवलं. मोठ्यानं आधी जावं असा रिवाज आहे. तू तो मोडलास. रिवाज मोडायची तुला म्हातारपणी खोडच लागली होती.

मी तिसरीपर्यंत शिकलो. तू पहिलीतच मास्तरांच्या छडीला भिऊन शेळ्यांमागं गेलास. तेव्हा काना-मात्रा चुकला तर तू काही धरणार नाहीस. नातीनं पेन हातात दिलं आणि म्हणाली, "आबा, रामकिसनबाबांच्या दहाव्याला वाचायला काहीतरी लिहा." तुझा जन्म, तुझा संसार, उसाच्या फडात तू किती कोयते झिजवलेस, ते दुसरे बोलतील. बोलू देत. मला आपल्या हौदाचं आणि माळावरच्या हरणांचं बोलायचं आहे. ते भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्धं भांडण मला पचत नाही.

तुला सगळं ठाऊक आहे. पण ऐकायला पाव्हणेरावळे बसतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी पुन्हा सांगतो. कंटाळलास तर तंबाखू मळ.

हौद आमच्या तात्यांचा. माझी आई गेली तेव्हा तिच्या नावानं त्यांनी तो माळाच्या तोंडाशी बांधला. पाणी आमच्याच विहिरीचं. मोठ्या जनावरांसाठी वरचा दगडी हौद आणि वासरा-करडांसाठी खाली उथळ दोण. बांधली वासरांसाठी, पण सकाळ-संध्याकाळ तिथं हरणं उतरायला लागली. आधी काळवीट येणार, मान वर करून उभा राहणार, मग मागून माद्या आणि पाडसं. तात्या जाताना म्हणाले होते, "नामा, येक वेळ रान इक, पण हौद कोरडा ठिवू नको." तेव्हापासून मी तो कोरडा ठेवला नाही. दुष्काळात टँकर घेतला पण दोणीत पाणी होतं. त्याच हरणांनी माझा हरभरा शेंड्यापासून खाल्ला, मी त्यांना आई-बहिणीवरून शिव्या घातल्या, आणि संध्याकाळी जाऊन मोटार चालू केली. तू बांधावर बसून हसायचास. "दिवसा शिव्या, सांजच्याला पाणी. तुझ्यापरीस सासू बरी," म्हणायचास.

आणि दुसरा रिवाज बैलांचा. दसरा-दिवाळीला निम्मं गाव कारखान्यावर जातं आणि पट्टा पडला, म्हणजे तिकडचा ऊस संपला, की परत येतं. बैल परत आले की आधी हौदावर. सहा महिने लोकांच्या मुलखातलं पाणी प्यालेल्या बैलानं घरी पाय ठेवायच्या आधी गावचं पाणी प्यायचं. बाया हळद-कुंकवाचं ताट घेऊन तिथं यायच्या, बैलाच्या पायावर पाणी घालायच्या, कपाळाला बोट लावायच्या, मग बैल घरी. कुणी ठरवलं ते माहीत नाही. आपण पोरं होतो तेव्हापासून बघत होतो. त्या दिवशी माझी मान ताठ असायची, कारण गावचं पाणी म्हणजे आमचं पाणी.

तीन वर्षांमागं तू शेवटचा कारखान्यावर गेलतास. परत आलास तेव्हा तुझा पाखऱ्या बैल पुढचा पाय टेकवत नव्हता. तोंडातून लाळेची तार गळत होती. मी म्हणालो, काटा मोडला असंल. तू म्हणालास, ट्रकात मुरगळला. लांबच्या वाटेनं तहानलाय, असं सगळ्यांनाच वाटलं. तो प्याला, त्याच्या मागं टोळीचे सगळे बैल प्याले. तुझ्या कारभारणीनं, कौसावहिनीनं, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. संध्याकाळी हरणं आली आणि तेच पाणी प्याली.

लाळ-खुरकूत आपल्या गावाला नवी नव्हती. जनावराच्या जिभेला फोड येतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, लाळ गळते, वैरण सुटते. तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवायचं, पाय धुवायचे, मऊ चारा द्यायचा. जाणतं जनावर बहुतेक उठतं. एखाद-दुसरं वासरू जातं. त्या साली पण गाव तसंच त्यातून निघालं. गोठे निवळले आणि आपण म्हणालो, संपलं.

मग एका सकाळी तू माझ्या दारात आलास. "नामा, चल बे. येक दाखवतो."

"च्या तरी घे."

"मागून घिऊ. चल."

माळावर कुसळांत एक मादी चरत होती. पुढचे दोन्ही गुडघे टेकून. आपण इतक्या जवळ गेलो तरी पळाली नाही. मी म्हणालो, "ही काय पाया पडतीय का?" तू हसला नाहीस. मला वाटतं, माझ्या बोलण्यावर तू हसला नाहीस असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. तिच्या खुराचं नख सुटून लोंबत होतं. जरा पुढं पाडस पडलेलं होतं, अंगावर ओरखडासुद्धा नाही, निजल्यासारखं. त्याच्या पलीकडं अजून एक.

मेलेल्या हरणाला आपण हात लावायचा नाही, वनखात्याचा माणूस आल्याशिवाय पुरायचं नाही, हे तुला ठाऊक होतं. मी गार्डला फोन लावायला गावात आलो. गार्ड तालुक्याहून निघाला, येईपर्यंत उन्हं डोक्यावर आली. तेवढा वेळ तू त्या पाडसांपाशी काठी घेऊन बसून होतास, कुत्र्यांनी ओढू नये म्हणून. एका कुत्र्यानं ओढलं की रोग चार शिवारांत जातो, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू फक्त म्हणालास, "हितनं पुढं न्हाई जाऊ द्यायचं." मग खड्डा झाला, खाली-वर चुना टाकला. पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. गार्ड, तू, मी, फावडं आणि चुन्याची गोणी. पाडसं जास्त गेली. मोठी हरणं लंगडत राहिली, आणि लंगडं हरीण कुत्र्याला सापडतं.

चावडीवर म्हादू म्हणाला, "बरं झालं. औंदा मूग वाचंल."

मला वाटलं तू भडकशील. तू शांतपणानं विचारलंस, "म्हादू, तुझ्या गाईचं वासरू ह्याच रोगानं गेलं. त्येबी बरंच झालं का?"

"वासराची गोष्ट येगळी हाय."

"हरणाला कुठं ठाव हाय येगळी हाय म्हणून? आज त्येला तुझ्या गाईकडून झालंय. उद्या तुझ्या गाईला त्येच्याकडून हुईल."

गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई आल्या. सगळं गाव गोळा झालं. मी पुढं होऊन विचारलं, "बाई, हरणांना लस टोचता येत न्हाई का?" त्या म्हणाल्या, "धरायचं कसं आबा? जाळ्यात धरलं की भीतीनंच मरतात. हरणाची लस तुमच्या बैलाला टोचायची. तुमची गुरं निरोगी, तर हरणं निरोगी." मग त्यांनी आपला हौद बघितला. म्हणाल्या, "हौद बंदच करा असं मी म्हणत नाही. पण बाहेरून आलेलं जनावर आणि हरीण एका पाण्यावर नको."

मी त्यातलं पहिलं वाक्य उचललं. तू दुसरं उचललंस. त्यावर आपण तीन वर्षं काढली.

भांडण हौदावरच झालं. तू काठावर बसला होतास. पाणी माझ्या मोटारीचं पडत होतं.

"नामा, हौद कोरडा कर."

"कावून?"

"माळावर लहान लहान कुंड्या ठिवू. लांब लांब. समदा कळप येका जागी तोंड घालणार न्हाई. आन बैलं तर तितं जाणारच न्हाईत."

"आन कुंड्या भरणार कोण? तू? डोक्यावर घागर घिऊन?"

"भरीन."

"दोन दिवस भरशील. तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसशील. मग हरणं जाणार इहिरीवर. दुष्काळात म्हादूच्या इहिरीत तीन पडल्याली काढली ती इसरलास? न्हाईतर रोड ओलांडून धरणाच्या पाण्याला जाणार आन ट्रकाखाली मरणार. हौद हाय म्हणून ती हितं हायत."

"हौद हाय म्हणून ती मेली बे."

"माझ्या बापाचा हौद हाय, रामकिसन."

"तुझा बाप काय हरणं मारायला हौद बांधून गेला का?"

मी मोटार बंद केली आणि घरी आलो. त्यानंतर आगोट गेली, पेरण्या झाल्या, गौरी आल्या, आपण बोललो नाही. समोरासमोर आलो की तू आभाळाकडं बघायचास, मी जमिनीकडं. कौसावहिनी माझ्या घरी ताक घ्यायला येऊन तुझं सांगून जायच्या आणि आमच्या घरचं तुला जाऊन सांगायच्या. त्या बाईनं तेवढ्या दिवसांत टपालाचं काम केलं.

मी अजूनही म्हणतो, माझं बरोबर होतं. पाणी तोडून रोग तुटत नाही, तहान वाढते. आणि तुझं पण बरोबर होतं. दोघांचं बरोबर असलं की भांडण लांबतं. एकाचं चूक असतं तर एका दिवसात मिटलं असतं.

बोलणं बंद असतानाच तू दसऱ्याला घरोघर फिरलास. कारखान्याला निघायच्या आधी बैल टोचून घ्या म्हणून. लोक म्हणाले, बैल टोचल्यावर अंग टाकतो, उचल घेतलीय, मुकादम दारात उभा आहे. तू म्हणालास, "मग मुकादमालाबी टोचून घ्या." शेवटी डॉक्टरबाईंना गाडीवर बसवून वाड्यावस्त्यांवर नेऊ लागलास. बैल तुझ्या पोरानं, अंकुशनं, धरायचे. तू बैलाच्या कानात काहीतरी बोलायचास. काय बोलायचास ते मी कधी विचारलं नाही.

आणि पट्टा पडला तेव्हा तू शिवेवर उभा राहिलास. ओढ्याच्या अलीकडं, लिंबाखाली, जिथं रस्ता आपल्या शिवारात शिरतो. बाजूला पिंप, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. रस्त्यावर पोतडी आंथरून ती भिजवलेली, खुरांवरून रोग आत येऊ नये म्हणून. मी हौद कोरडा करत नाही म्हटल्यावर तू असं केलंस. हौद हलत नाही तर बैल थांबवतो. परत आलेले बैल ओढ्याकाठच्या जुन्या खळ्यात बांधायचे, डॉक्टरबाई बघून हो म्हणेपर्यंत गावात आणायचे नाहीत, आणि हौदावर तर नाहीच.

काय काय ऐकून घेतलंस तू. "रामकिसननं टोलनाका टाकला रे." "पावती फाडतो का बाबा?" तुझा सख्खा मेव्हणा ट्रकातून खाली उतरला आणि म्हणाला, "दाजी, सहा महिने परक्याच्या रानात काढले, आन गावात यायला तुमची परवानगी लागती?" तू म्हणालास, "तुला न्हाई लागत. तू जा. बहिणीनं भाकरी टाकलीय. बैल हितं ऱ्हातील." मेव्हणा दोन दिवस जेवला नाही तुझ्याकडं. तिसऱ्या दिवशी त्याच्याच बैलाच्या तोंडाला लाळ सुटली. खळ्यातच होता, खळ्यातच बरा झाला. खळं सोडून रोग पुढं आला नाही. त्यावर तू एक शब्द बोलला नाहीस. मी असतो तर गावभर सांगितलं असतं.

बाया नाराज होत्या. बैल हौदावर येत नाहीत तर ताट कुठं न्यायचं? कौसावहिनीनं ताट उचललं आणि सरळ खळ्यात गेल्या. त्यांच्या मागं सगळ्या गेल्या. पण पाण्याचं काय? मी हौदाजवळच्या माझ्या बांधावरून बघत होतो. मला वाटलं, आता हा ओढ्यातलं डबकं दाखवणार बैलांना. तू रिकाम्या बादल्या घेऊन चढ चढून माझ्याकडं आलास. गौरीनंतर, दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर, पहिल्यांदा तोंड उघडलंस.

"सरक. पाणी घिऊ दे."

"ओढ्याला पाणी न्हाई का?"

"ओढ्याचं कावून पाजू? बैलांनी पह्यलं पाणी हौदाचं प्यायचं. तुझ्या बापाचा मान ऱ्हायला ना? मग आता गप बस."

तू बादल्या भरल्यास आणि उतारानं निघालास, पाणी हिंदकळत. हौदाचं पाणी बैलाकडं गेलं, बैल हौदाकडं आला नाही. मी तुझ्या पाठीकडं बघत बसलो. तेव्हा जे म्हणायला पाहिजे होतं ते मला सुचलं नाही, आणि नंतर सुचलं तेव्हा वेळ अशी आली नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. आता बोलतो. तात्या असते तर त्यांनी तुला मांडीशी बसवून जेवू घातलं असतं. एवढंच.

बोलणं सुरू झालं आणि भांडण पण पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी हौदाच्या वरच्या अंगाला खडकावर बसायचो. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हरणं आली की तुला नुसतं हललेलं कळायचं.

"आली का रे?"

"आली."

"लंगडतंय का कुणी?"

"न्हाई."

"नीट बघ. मागचं."

"नीटच बघतोय. तुझ्यावानी आंधळा न्हाई मी."

"पाडसं?"

"हायत."

"लई हायत का थोडी?"

"हायत म्हणलं ना. मोजायला का मी तलाठी हाय?"

यंदाच्या थंडीत पाडसं लई होती, रामकिसन. दोणीला कडेनं जागा पुरत नव्हती. एक तर तिच्यात उतरून उभं राहिलं होतं, पोटापर्यंत पाण्यात, आणि आई त्याला नाकानं ढोसत होती. मी तुला 'हायत' एवढंच सांगितलं. लई आहेत म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, बघ, माझ्यामुळं. आणि मला म्हणावं लागलं असतं, हो. मला वाटलं सांगू कधीतरी, घाई काय आहे. तू नवीन भिंग बसवून घेणार होतास, अंबाजोगाईला तारीख मिळाली होती. मला वाटलं, स्वतःच बघेल आणि मला शिव्या देईल. ते बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी पण तेच बोलणं झालं. तू काठी टेकत आलास, खडकावर बसायला तुला वेळ लागला.

"अंकुशचा फोन आलता. पट्टा पडला. येतील आता."

"येऊ दे."

"नामा, औंदा तरी हौद कोरडा कर. उनाळ्याचं बघू काहीतरी. माझ्यानं आता उभं ऱ्हावत न्हाई."

"तुला कुणी उभं ऱ्हा म्हणलं?"

तू हसलास. खोकला येईपर्यंत हसलास. "तुझा हौद," म्हणालास. "दुसऱ्या कुणी न्हाई, तुझ्या हौदानं उभं केलं मला."

असं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. आपण असंच बोलत आलो. गोड बोललो असतो तर तुला वाटलं असतं नामाची तब्येत बिघडली.

सकाळी चहा पिऊन तू खाटेवर टेकलास आणि छातीला हात लावलास, असं कौसावहिनी सांगतात. मी आलो तेव्हा बाया बसल्या होत्या. तुझा चेहरा नेहमीसारखाच होता, कुणीतरी काहीतरी खोटं सांगतंय आणि तू ऐकून घेतोयस असा. अंकुश कारखान्यावरून जीप करून निघाला, मागं त्याची बायको मंगल आणि टोळी बैल ट्रकात घालून निघणार होते. अंकुश दुपार कलता पोचला. ऊन असेतोवरच आम्ही तुला ओढ्याच्या काठी नेलं. सगळं गाव होतं. म्हादू होता. मेव्हणा होता, लाकडं त्यानंच रचली. गार्ड आला होता, डॉक्टरबाई आल्या होत्या. बाई लांब उभ्या राहिल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "आबा, ट्रक कधी येणार?" मी म्हणालो, "उद्या."   परत येताना सगळे लिंबापाशी थबकले, पिंपाकडं बघितलं आणि पुढं निघाले.

मला घरात सगळ्यांनी सांगून ठेवलं, उद्या बैल अडवणं नको. मयताचं घर आहे. पोराचा बाप गेलाय. त्याचेच बैल येणार, त्याच्याच टोळीचे. एवढ्या वर्षी राहू द्या. मी हौद कोरडा केला असता तर प्रश्न सुटत होता. बोळा काढला की पाणी जातं. मी हौदापर्यंत गेलो पण होतो. माझ्या मागून काळवीट उतरला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला, मी कधी जातो म्हणून. मी बाजूला झालो. हौद मी कोरडा करणार नाही, रामकिसन. हे तू ऐकून घे. तू होतास तेव्हा केला नाही, आता तू नाहीस म्हणून केला तर तूच म्हणशील, मेल्यावर ऐकतो साला.

मग दुसरा इलाज एकच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोड्याची पिशवी घेऊन शिवेवर गेलो. पिंपात पाणी ओतलं, सोडा ढवळला. किती टाकायचा ते तू हाताच्या अंदाजानं टाकायचास. मी जरा जास्तच टाकला, हात चरचरले. पोतडी भिजवली. ऊन चढायच्या आत ट्रक आला. मुकादम पुढं बसला होता. मी मधोमध उभा राहिलो म्हणून त्यानं ब्रेक दाबायला लावला.

"आबा, आज बी?"

"आज बी."

"अहो, रामकिसनबाबांच्या घरचे बैल हायत ह्ये."

"कुणाचे हायत ते दिसतंय मला. डोळे शाबूत हायत."

मंगल ट्रकातून उतरली. रात्रभर रडलेलं तोंड. सासऱ्याचं तोंड तिला बघायला मिळालं नाही. तिला एवढंच हवं होतं की घरी जावं, दावणीला बैल बांधावेत आणि सासूच्या गळ्यात पडावं. ती नुसती हात जोडून उभी राहिली. मला ते सगळ्यात जड गेलं. मी म्हणालो, "पोरी, तू जा. सासू वाट बघतीय. माणसं समदी जावा. बैल हितं उतरवायचे."

टोळीतलं एकजण म्हणालं, "म्हातारा दगडाचा हाय." हे मला आवडलं.

तेवढ्यात अंकुश गावातून आला. खांद्यावर पांढरं उपरणं, पायात काही नाही. मला वाटलं, आता हा काय म्हणतो ते म्हणो. त्यानं पिंपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आबा, माझा बाप गेलाय."

"म्हणूनच उभा हाय."

 ट्रकाचं मागचं फळकट अंकुशनंच पाडलं. बैल एकेक उतरले, पोतड्यांवरून पाय भिजवत खळ्यात गेले. मंगलला घेऊन बाया गावाकडं गेल्या. मी हौदावरून दोन बादल्या पाणी आणलं. वाटेत तीनदा टेकलो. तिसऱ्यांदा अंकुशनं एक बादली माझ्या हातातून घेतली, मी दिली. खळ्यात पाणी ठेवलं. बैल प्याले. मी एकेकाचा वरचा ओठ उचलून जीभ बघितली, बोट फिरवून बघितलं, मग खाली बसून खुरांची बेचकी बघितली. तुझ्यासारखं मला पटकन जमलं नाही. एका बैलानं डोकं हलवून मला धुळीत बसवलं. अंकुशनं हात धरून उठवलं. जिभा स्वच्छ होत्या. तरी म्हणालो, डॉक्टरबाई सांगतील तोवर इथंच.

घाटाकडून दुसऱ्या ट्रकाचा आवाज यायला लागला. पोतडी वाळत आली होती. मी त्यांच्यावर आणखी एक डबा पाणी मारलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.